गायतोंडेंच्या चित्रातला उजेड नेमका येतो कुठून? रंगांचे थर, रोलर आणि प्रेरणा

गेरू

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांबद्दल मराठीत बोलणं निघालं की 'ध्यान' आणि 'मौन' हे दोन शब्द हमखास येतात. दोन्ही योग्यच आहेत. पण चित्रासमोर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला त्यातून कामाचं काही मिळत नाही. ते मौनसुद्धा अळशीच्या तेलात घोटलेल्या रंगानेच कॅनव्हासवर आलंय, आणि त्या रंगाबद्दल नीट बोलता येतं. हा धागा त्यासाठी.

थोडी पार्श्वभूमी. जन्म १९२४, नागपूर. आईवडील मूळचे गोव्याचे, गायतोंडे स्वतः वाढले गिरगावात. १९४८ साली जे.जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. पुढे मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध आला. मग वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये समुद्राशेजारी स्टुडिओ, १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री, त्यानंतर दिल्ली. २००१ मध्ये निधन. स्वतःच्या कामाला 'अमूर्त' म्हटलेलं त्यांना पटत नसे, ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेलं, असं म्हणत.

चर्चेला मुद्दे असे: एकाच रंगकुळातलं अख्खं चित्र सपाट का वाटत नाही? मधे तरंगणारे ते लिपीसारखे आकार रंगावर ठेवलेत की रंगातून काढलेत? आणि हे सगळं त्यांच्याकडे कुठून आलं?

तैलधारा

पहिल्या मुद्द्यावर लिहितो, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे.

तैलरंगात उजेड दोन प्रकारे परततो. अपारदर्शक रंगावरून तो वरच्या वर परततो. पारदर्शक रंगातून तो आत शिरतो, खालच्या फिकट अस्तरावर आपटतो आणि पुन्हा त्याच रंगातून बाहेर येतो. एकाच रंगातून दोनदा गाळला गेल्यामुळे तो जास्त गडद आणि तरीही उजळ दिसतो. 'आतून येणारा उजेड' म्हणतात तो हाच.

कुठला रंग पारदर्शक होणार हे रंगद्रव्य आणि तेल यांच्या अपवर्तनांकातल्या, म्हणजे उजेड किती वळतो त्या मापातल्या, फरकावर ठरतं. अळशीच्या तेलाचा अपवर्तनांक १.४८ च्या आसपास, अल्ट्रामरिन या निळ्याचा साधारण १.५. फरक नगण्य, म्हणून अल्ट्रामरिन तेलात काचेसारखा होतो. झिंक व्हाइट २.० च्या जवळ, टायटॅनियम व्हाइट २.७ च्या जवळ. म्हणून टायटॅनियम सगळं झाकून टाकतो. ग्लेझमध्ये, म्हणजे वरून द्यायच्या पातळ पारदर्शक थरात, त्याचा हरभऱ्याएवढा ठिपका पडला तरी आतला उजेड विझतो आणि दुधाळ पडदा येतो.

पिवळ्या-तांबूस कुळात काम करायचं तर ट्रान्स्परंट यलो ऑक्साइड, ट्रान्स्परंट रेड ऑक्साइड, बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरिन एवढ्यावर भागतं. हिरव्यासाठी व्हिरिडियन. अलिझारिन क्रिमझन मोहात पाडतो, पण पातळ थरात तो उजेडाने उडतो, त्याऐवजी क्विनॅक्रिडोन घ्या. काळा शक्यतो नकोच. गडद हवं तिथे अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना, कारण ते मिश्रणही पारदर्शक राहतं.

उलट बाजूही समजून घ्यायला हवी. गडद थरावर फिकट अपारदर्शक रंग अगदी विरळ ओढला, म्हणजे स्कंबल केला, तर तो निळसर, थंड दिसतो. धूर काळ्या पार्श्वभूमीवर निळा दिसतो त्याचंही कारण हेच. म्हणजे तोच पांढरा गडद जागेवर थंड, फिकट जागेवर उबदार. दोनच ट्यूब वापरून एका कॅनव्हासवर ऊन-सावली आणता येते ती अशी. गायतोंडेंच्या करड्या-हिरव्या चित्रांमध्ये जो गारवा जाणवतो, तो निव्वळ रंगाच्या निवडीतून येत नाही, कुठला थर कशावर बसलाय यातून येतो असं माझं ठाम मत आहे.

शाई_दगड

वा, तैलधारा, फार नेमकं लिहिलंत. मी रोलर आणि कागदाबद्दल लिहितो. गायतोंडे साठच्या दशकापासून ब्रशऐवजी मुख्यतः रोलर आणि पॅलेट नाइफ वापरू लागले. ओल्या रंगावर कागदाचे तुकडे ठेवून रंग लावण्याची आणि उचलण्याची पद्धतही त्यांचीच. खाली दिलंय ते त्या तत्त्वावरचं सरावाचं काम आहे. त्यांची हुबेहूब कृती म्हणून ते घेऊ नये.

१८ × २४ इंचांचा कॅनव्हास घ्या. अॅक्रिलिक जेसोचे (पांढऱ्या अस्तराचे) तीन हात, प्रत्येक हातानंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर. कापडाची वीण जवळपास बुजली पाहिजे. नाहीतर रोलर फक्त विणीच्या टोकांना रंग लावतो आणि सगळीकडे जाळी दिसते. शेवटच्या हातानंतर किमान एक दिवस, शक्य असेल तर तीन दिवस थांबा.

आता एक गोष्ट जी पुस्तकात सहसा सापडत नाही: ताणलेल्या कॅनव्हासवर रोलर दाबला की मागच्या लाकडी चौकटीची कड समोर पट्टीसारखी उमटते. ती नंतर कशानेही जात नाही. म्हणून चौकटीच्या आतल्या मापाचा जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा मागून सरकवा, कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवा, मगच रोलर हातात घ्या.

रंगाचं प्रमाण: हा कॅनव्हास साधारण ०.२८ चौरस मीटर. ५० मायक्रॉन जाडीच्या एका थराला सुमारे १४ मिली रंग लागतो, म्हणजे ४० मिलीच्या ट्यूबचा एक तृतीयांश. यापेक्षा जास्त रंग लागतोय असं दिसलं तर थर जाड होतोय हे ओळखा. ट्यूबमधून आलेल्या रंगात २० मिलीला स्टँड ऑइलचे (घट्ट केलेल्या अळशीच्या तेलाचे) आठ-दहा थेंब. रोलरच्या रंगात टर्पेंटाइन घालायचं नाही, तो घसरतो.

काचेवर रंग पसरा आणि रोलरचा आवाज ऐका. चप-चप असा ओला आवाज येत असेल तर काचेवर रंग जास्त आहे. पातळ, एकसारखा थर झाला की तव्यावर मोहरी तडतडायच्या आधी तेल जसं सुरसुरतं तसा बारीक आवाज येतो. छापखान्यातली माणसं शाई डोळ्याआधी कानाने ओळखतात. तो आवाज आला की रोलर कॅनव्हासवर न्या.

आता कागद. कोऱ्या न्यूजप्रिंटचे तुकडे हाताने फाडा, काही कात्रीने कापा. फाडलेली कड रंगात विरघळते, कापलेली कड लिपीसारखी उभी राहते. दोन्हींचा एकत्र वापर केला की आकार एकाच वेळी पुढे आणि मागे वाटतात. ओल्या थरावर तुकडा ठेवा, त्यावरून कोरडा रोलर एकदाच, हलक्या हाताने फिरवा, एक-दोन मिनिटांत उचला.

कसं उचलता त्यावर पोत ठरतो. कागद सरळ वर ओढला तर चारही बाजूंनी हवा आत घुसते आणि रंगात झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा उठतात. एका कडेने सोलल्यासारखा काढला तर त्या दिशेला आडव्या बारीक वळ्या येतात. हे द्रवाच्या स्वभावाने होतं, कलाकाराने फक्त दिशा द्यायची. इंग्लंडमध्ये जास्तीचा रंग वर्तमानपत्राने टिपून घेण्याला लंडनच्या स्लेड स्कूलमधले शिक्षक हेन्री टाँक्स यांच्यावरून 'टाँकिंग' म्हणतात. तिथे ती दुरुस्तीची युक्ती होती, इथे तीच चित्राची भाषा होते.

रोलरची आणखी एक खोड. रोलरचा व्यास ५ सेमी असेल तर परिघ १५.७ सेमी. ओल्या आकारावरून रोलर गेला की तो आकार रोलरवर चिकटतो आणि बरोबर १५.७ सेमी पुढे त्याची फिकट छाया उमटते. नको असेल तर प्रत्येक फेरीनंतर रोलर काचेवर किंवा कापडावर साफ करा. हवी असेल तर अंतर आधी मोजून ठेवा. तरंगत्या, विरत जाणाऱ्या आकारांसाठी ही छाया फार उपयोगी आहे.

नवा_कुंचला

अतिशय उपयुक्त. दोन शंका. साधं वर्तमानपत्र वापरलं तर काय बिघडतं? आणि हेच अॅक्रिलिकमध्ये जमेल का?

शाई_दगड

छापील वर्तमानपत्राची शाई तेलाने सुटते आणि उलटी अक्षरं चित्रावर उतरतात. पिवळ्या, फिकट थरात ती लगेच दिसतात, वर ग्लेझ दिला तरी डोकावतात. दुसरं, कागद पाच-दहा मिनिटं तसाच राहिला तर तो रंगातलं तेल शोषून घेतो. मागे उरलेलं रंगद्रव्य खडूसारखं कोरडं पडतं आणि बोट फिरवलं की बोटाला लागतं. तसं झालंच तर थर पूर्ण सुकल्यावर त्या जागी तेलाचा अगदी पातळ हात चोळून जास्तीचं तेल पुसून घ्या.

अॅक्रिलिकमध्ये जमतं, पण घाई फार. पातळ थर दहा-पंधरा मिनिटांत धरतो आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात त्याच्याही आत. कागद उचलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, उशीर झाला तर कागदाचे तंतू कायमचे चिकटतात. सुकणं लांबवणारं रिटार्डर बाटलीवर दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त घालू नका, थर चिकटच राहतो. शिवाय अॅक्रिलिकचा बाइंडर (रंगद्रव्य धरून ठेवणारा द्रव) ओला असताना दुधी असतो आणि सुकल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे रंग सुकताना एक पायरी गडद होतो. ग्लेझ मुद्दाम फिकट ठेवा. तेलाखाली अॅक्रिलिक चालतं, तेलावर अॅक्रिलिक कधीच नाही.

मृद्गंध

प्रेरणेबद्दल: ते १९६४ ला न्यूयॉर्कला गेले, तिथे अमेरिकन चित्रकार मार्क रॉथ्को वगैरे पाहिलं आणि मग हे रंगाचं विस्तीर्ण मैदान आलं, असं सरसकट लिहिलं जातं. हे बरोबर आहे का? दोघांची चित्रं शेजारी छापलेली पाहिली की साम्य वाटतं खरं.

गेरू

मृद्गंध, तारखाच याचं उत्तर देतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गायतोंडेंचं १९६२ चं तैलचित्र आहे. म्हणजे न्यूयॉर्कला जाण्याच्या दोन वर्षं आधी त्यांची वाट पक्की झाली होती. न्यूयॉर्कने काही दिलं असेलच, पण सुरुवात तिथे झाली नाही.

हाताचा फरकही पाहा. रॉथ्को रंग पातळ करून ब्रशने कॅनव्हासमध्ये मुरवत गेला, त्याच्या कडा पिंजलेल्या कापसासारख्या. गायतोंडेंमध्ये रंग चढवला जातो आणि काढला जातो. त्यांचं निम्मं काम काढण्यात आहे. समोर उभं राहिल्यावर दोन्ही शांत वाटतात एवढंच साम्य.

मुळाशी मला युरोपातला आधुनिक चित्रकार पॉल क्ले दिसतो. गायतोंडेंच्या पन्नासच्या दशकातल्या चित्रांवर त्याची रेषा स्पष्ट आहे. क्लेची एक पद्धत अशी होती: कागदाला एका बाजूने काळा तैलरंग फासायचा, तो दुसऱ्या कागदावर पालथा ठेवायचा आणि मागून टोकदार वस्तूने रेखाटायचं. रेषा कार्बन पेपरसारखी खाली उतरते, पण हाताचा दाब पडेल तिथे डाग आणि धूसर छायाही उतरतात. मग त्यावर जलरंगाचे पारदर्शक थर. दाबून उमटवणं, आपोआप आलेला डाग राखणं आणि त्यावर पारदर्शक रंग, हे तीनही धागे पुढे गायतोंडेंच्या कॅनव्हासवर मोठे होऊन दिसतात. त्यांनी ही कृती जशीच्या तशी उचलली असं मी म्हणत नाही, पण हे नातं रॉथ्कोपेक्षा कितीतरी जवळचं आहे.

अंतर्गोल

क्लेच्या आधीचं एक पान राहिलं. त्या काळी जे.जे.मध्ये जगन्नाथ अहिवासी भारतीय शैली शिकवत, शंकर पळशीकरही तिथेच. गायतोंडेंच्या अगदी सुरुवातीच्या कामात बसोली शैलीतली पहाडी लघुचित्रं आणि जैन पोथीचित्रं यांचा अभ्यास उघड आहे. त्याकडे लोक 'विद्यार्थिदशेतलं काम' म्हणून पाहतात आणि पुढे जातात. मला ते चुकीचं वाटतं.

बसोलीचं एखादं पान डोळ्यांसमोर आणा. लाल हाशिया, आत सपाट पिवळी किंवा गेरूसारखी जमीन, खोली दाखवायला क्षितिज जवळजवळ नाहीच. त्या पिवळ्यावर माणसं आणि झाडं तरंगतात. दागिन्यांतला पाचूचा हिरवा म्हणून भुंग्याच्या पंखांच्या कवचाचे बारीक तुकडे चिकटवलेले असतात. अख्ख्या पानात चकाकणारी जागा तेवढीच, मुगाच्या दाण्याएवढी, आणि नजर तिथे जाऊन थांबते. आता त्या पानातून माणसं, झाडं, दागिने काढून टाका. उरतं काय? एका रंगाचं भारलेलं मैदान, आणि कुठेतरी लहान, घट्ट, वेगळ्या तेजाची एक खूण. गायतोंडेंच्या सत्तरच्या दशकातल्या उभ्या कॅनव्हासचा सांगाडा हाच आहे.

झेनबद्दल नेहमी बोललं जातं, रमण महर्षी आणि खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांचं आकर्षणही होतंच. चित्रापुरतं पाहिलं तर झेनचा परिणाम विषयात नसून वेगात आहे. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चित्रं, आणि बाकीचा काळ पाहण्यात. तेलाच्या थरांनाही असाच वेळ लागतो. माणसाचा स्वभाव आणि माध्यमाचा स्वभाव इथे जुळला.

मृद्गंध

तारखांचा मुद्दा पटला. आणि समुद्र? भुलाभाईच्या स्टुडिओतून समुद्र दिसायचा म्हणून त्या आडव्या पट्ट्यांना समुद्रचित्रं म्हणणारेही आहेत.

अंतर्गोल

साठच्या दशकातल्या काही आडव्या चित्रांत क्षितिजासारखी पट्टी आहे, आणि रोज पावसाळी समुद्र समोर असलेल्या माणसाच्या डोळ्यांत तो करडा-हिरवा उतरणारच. पण पुढे कॅनव्हास उभा झाला आणि क्षितिज मोडलं. उभ्या चित्रात नजर डावी-उजवीकडे फिरत नाही, वर-खाली जाते, त्यामुळे निसर्गचित्र वाचायची सवयच तुटते. 'समुद्र' म्हटलं की पाहणारा लाटा शोधतो आणि रंग पाहायचं थांबतो. 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' या शब्दाबद्दलचा त्यांचा आग्रह मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो.

नवा_कुंचला

एक अडचण राहतेच. एका रंगकुळात थर चढवत गेलं की तिसऱ्या-चौथ्या थराला सगळं चिखलासारखं होतं. का?

तैलधारा

चिखल होण्याची तीन कारणं, आणि बहुतेकदा तिन्ही एकदम असतात.

खालचा थर सुकलेला नसतो. तेल हवेतल्या ऑक्सिजनने धरतं, पाण्यासारखं उडून जात नाही, त्यामुळे पंखा लावून घाई होत नाही. उंबर या तपकिरी मातीरंगात मँगनीज असल्यामुळे तो एक-दोन दिवसांत हाताला लागायचा थांबतो. टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम आणि क्विनॅक्रिडोन यांना आठवडा किंवा जास्त लागू शकतो. नख हलकंच दाबून पाहा, खूण उमटली तर थांबा.

दुसरं, वर सांगितलेला पांढरा ग्लेझमध्ये शिरतो. पांढऱ्यासाठी आणि ग्लेझसाठी रोलर वेगळे ठेवा, रोलरच्या दोन्ही टोकांना साचलेला रंग तपासा. चोर तिथेच बसलेला असतो.

तिसरं म्हणजे छटांची पायरी. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ पायऱ्या धरल्या तर असं चित्र दोन-तीन पायऱ्यांतच राहायला हवं आणि फरक उबदार-थंड यातून यायला हवा. फोनवर फोटो काढून कृष्णधवल करून पाहा. आकार पूर्ण नाहीसे झाले तर रंग काम करतोय पण आधार नाही. आकार ठसठशीत दिसले तर तुम्ही रंगाऐवजी काळोखाने चित्र उभं करताय. आकार जेमतेम, धुक्यातल्यासारखे दिसावेत.

तेलाचं प्रमाण थरागणिक वाढत गेलं पाहिजे. ब्रशने किंवा फडक्याने द्यायच्या ग्लेझला पहिल्यांदा एक भाग स्टँड ऑइलला चार भाग टर्पेंटाइन, नंतर एकास दोन, शेवटी एकास एक. मिश्रण रंगाच्या एक पंचमांशाहून जास्त नको. क्रम उलटा झाला, म्हणजे तेलकट, हळू सुकणाऱ्या थरावर कोरडा, लवकर सुकणारा थर चढला, तर वरचा आधी धरतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. तेल भरमसाट झालं तर वरची साय आधी सुकते आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. सुरकुत्या पडलेला थर खरवडून काढण्यावाचून इलाज नाही. झिंक व्हाइट खालच्या थरांत टाळा, तो काळानुसार ठिसूळ होतो आणि वरचे थर सुटे होतात.

शाई_दगड

तेलाच्या या नियमाची दुसरी बाजू छापाईत कामाला येते. पॅरिसच्या आतलिए १७ या छापचित्रांच्या कार्यशाळेत कृष्णा रेड्डी आणि सहकाऱ्यांनी व्हिस्कॉसिटी प्रिंटिंग विकसित केलं, त्यात तेलकट पातळ शाईवर घट्ट शाई चिकटत नाही या गुणावरच एका पत्र्यावरून एकाच वेळी अनेक रंग छापतात. कॅनव्हासवर अगदी पातळ, तेलकट ओल्या थरावरून घट्ट रंगाचा रोलर फिरवला की रंग सलग न बसता बेटं-बेटं होऊन बसतो. छोट्या जागेतच करा, आणि थर कागदासारखा पातळ ठेवा, नाहीतर तैलधारांनी सांगितलेले तडे ठरलेले.

मृद्गंध

कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात अशी चित्रं सांभाळायची कशी? आणि व्हार्निश?

तैलधारा

पावसाळ्यात कापड दमट होऊन सैल पडतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा ताणलं जातं. रंगाचा थर या ओढाताणीत थकतो. कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकून दर पावसाळ्यात कॅनव्हास घट्ट करत राहू नका, सैल पडला तर पडू द्या. मागे कोरूगेटेड बोर्ड लावा, त्याला हवेसाठी दोन-चार भोकं, आणि भिंत व चौकट यांत बुचाचे तुकडे घालून बोटभर फट ठेवा. बुरशी जवळजवळ नेहमी मागून सुरू होते. ताजं चित्र अंधाऱ्या कपाटात ठेवलं तर अळशीचं तेल पिवळं पडतं, आठवडाभर उजेडाच्या खोलीत ठेवल्यावर बरंचसं परत येतं.

व्हार्निश सहा महिन्यांच्या आत नको. आणि अशा चित्रावर सरसकट चकाकी देताना दहादा विचार करा. कागदाने तेल शोषलेली जागा मंद, ग्लेझची जागा तुकतुकीत, हा फरक मुद्दाम मिळवलेला असतो. एकसारख्या व्हार्निशने तो पुसला जातो.

अळशीच्या तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

गेरू

धन्यवाद तैलधारा, तो परिच्छेद प्रत्येक स्टुडिओच्या भिंतीवर लावायला हवा.

छपाईत किंवा पडद्यावर यातलं फार थोडं दिसतं, म्हणून मूळ चित्रं पाहायची संधी मिळाली की सोडू नका. दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहात आहेत. आधी समोरून पाहा, मग भिंतीच्या कडेला जाऊन तिरपं पाहा. तिरप्या उजेडात मंद आणि तुकतुकीत जागा वेगळ्या होतात आणि कागद कुठल्या कडेने उचललाय हे वळ्यांवरून कळतं. शेवटी, चौकट आड येत नसेल तर कॅनव्हासची दुमडलेली बाजू नजरेने शोधा. वरचा थर तिथपर्यंत पोचलेला नसतो. समोरून शांत करड्या दिसणाऱ्या चित्राच्या कडेला कधी सणसणीत लाल सापडतो, कधी पिवळा.

नवा_कुंचला

लाल करड्याखाली? मग समोरचा करडा उबदार वाटतो तो यामुळेच का?

गेरू

हो, यामुळेच. तैलधारांचा पहिला प्रतिसाद त्या कडेशी उभं राहून पुन्हा वाचा. बारा इंची पॅनेलवर अर्धा भाग लाल, अर्धा निळा रंगवा, पूर्ण सुकू द्या आणि दोन्हींवर एकाच रोलरने एकच करडा विरळ फिरवा. दोन वेगळे करडे मिळतील. त्या पॅनेलचा फोटो इथे टाका, पुढचं त्यावरून बोलू.